मोबाईल : रोजच्या कामाला आणि अडीनडीला



धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर महिलांच्या बैठकांना मी जाते, तेव्हा आता प्रत्येक बैठकीत एक विषय ठरलेला असतो : फोन. या पाठात तोच विषय घेतला आहे. तो पाड्यावरच्या भावाबहिणींसाठी आहे, तितकाच शहरात बसून आपल्या कामाला हातभार लावणाऱ्या मंडळींसाठीही आहे. काही गोष्टी त्यांना शिकायच्या आहेत, आणि काही आपल्याला.

आधी रोजच्या वापराचे बघू. ज्या बाईला अक्षर ओळखत नाही, तिच्यासाठी व्हॉट्सअॅपचा माईक म्हणजे मोठीच सोय झाली आहे. ऊसतोडीसाठी गुजरातमध्ये गेलेल्या नवऱ्याला ती पावरीत किंवा भिलोरीत बोलून निरोप पाठवते. त्याच्या फोनला रेंज आली की तो निरोप त्याला मिळतो. मराठीत लिहायची सक्ती नाही, कोणाला वाचून दाखवायला सांगायची लाज नाही. म्हणून बैठकीत मी आधी आवाजी निरोप शिकवते आणि टाईप करणे नंतर.

आता अडीनडीचे. महाराष्ट्रात पोलीस, अग्निशमन किंवा कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, गरोदर माता आणि तान्ह्या बाळांच्या गाडीसाठी १०२, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. नंबर सगळ्यांना पाठ होतात. अडते ते पत्ता सांगताना. घाबरलेला माणूस म्हणतो, “आमच्या पाड्यावर या.” कोणता पाडा? एकाच नावाचे पाडे दोन-दोन तालुक्यांत असतात. त्यातून आपला भाग गुजरात आणि मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असल्याने फोन शेजारच्या राज्याच्या टॉवरवरूनही लागू शकतो. म्हणून क्रम पाठ करून घ्यावा : राज्य, जिल्हा, तालुका, गाव, पाडा आणि गाडी जिथपर्यंत येते ती खूण. शाळा, पूल, हातपंप, जे असेल ते. हा पत्ता कोळशाने घराच्या भिंतीवर लिहून ठेवला तरी चालेल. दहा वर्षांच्या मुलालाही तो वाचून सांगता येतो.

आपल्या स्वतःच्या जागेवर रेंज नसेल, तर ती कुठे मिळते हे आधी माहीत हवे. पाड्यातल्या पोरांना ते बरोबर ठाऊक असते : अमुक टेकडी, तमुक महूचे झाड. ते मोठ्यांनीही ठाऊक करून घ्यावे आणि रात्री एकदा तिथवर चालून बघावे. रेंज एकच काडी असेल तर बोलणे तुटते, पण साधा एसएमएस बरेचदा निघून जातो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवला असेल तर रेंज नसतानाही तो आपली जागा दाखवतो, आणि तिचे आकडे एसएमएसने पाठवता येतात.

सर्पदंशाचे उदाहरण घेऊ, कारण पावसाळ्यात आपल्याकडे ते दरवर्षी घडते. इथे फोनचे काम वाटणी करून व्हायला हवे. एकाने १०८ लावायचा आणि गाडी कोणत्या खुणेपाशी भेटेल ते ठरवायचे. दुसऱ्याने आरोग्य केंद्रात फोन करून सर्पदंशावरची लस आहे का ते विचारायचे. नसेल तर पुढच्या रुग्णालयाची वाट धरायची. उरलेल्यांनी रुग्णाला न चालवता झोळीतून रस्त्यापर्यंत न्यायचे. साप शोधण्यात, मारण्यात वेळ घालवू नये. सहज समोर असेल तर लांबून फोटो घ्यावा, नाहीतर सोडून द्यावे. भगताकडे आधी जाण्याची सवय अजून आहे. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा मी इतकेच म्हणते : गाडी वाटेवर असू द्या, मग बाकीचे.

विजेचेही तसेच. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ नावाचे अॅप जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर आधी सूचना देते. त्याला इंटरनेट लागते, म्हणून प्रत्येकाच्या फोनवर ते उपयोगी पडेलच असे नाही. पण रेंजमध्ये राहणाऱ्या एकाच्या फोनवर ते असावे, आणि सूचना आली की त्याने शिट्टी वाजवून शेतातल्या माणसांना झाडाखालून हलवावे. शिट्टीला रिचार्ज लागत नाही.

आता दुखऱ्या भागाकडे येते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने मारून टाकले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. मर्यादा आली, पण बोट आपलेच असते. पाड्यावर मी हा प्रसंग सांगते तेव्हा कोणी हसत नाही. मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असे लिहिले असेल तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारायचे : तू स्वतः पाहिलेस का? बहुतेक वेळा पाहिलेले नसते.

हे फक्त पाड्यावर घडते असे मात्र समजू नका. अफगाणिस्तानात २२ मिशनरी कुटुंबांना उद्या ठार मारणार आहेत, लगेच प्रार्थना करा, हा निरोप आपल्या मंडळ्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो खोटा असल्याचे कधीच दाखवून दिले गेले आहे, आणि त्यातला ‘उद्या’ काही उजाडत नाही. तो पाठवणारे चांगले, कळकळीचे लोक असतात, म्हणूनच तो इतका फिरतो. खऱ्या आजाऱ्याबद्दलही जपावे. कोणाला क्षयरोग आहे, कोणाची मुलगी घर सोडून गेली, हे त्यांची परवानगी न घेता शंभर जणांच्या ग्रुपवर टाकणे मला योग्य वाटत नाही. “एका बहिणीसाठी प्रार्थना करा” एवढे पुरते.

भेटीला येणाऱ्या पाहुण्यांना एक विनंती. वसतिगृहातल्या मुलांसोबतचे फोटो स्टेटसला ठेवू नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या नातवाचा फाटक्या सदऱ्यातला फोटो अनोळखी लोकांत फिरलेला आपल्याला आवडेल का? फोटो हवाच असेल तर इमारतीचा घ्या, शेताचा घ्या, पाठमोरा घ्या.

पैशांच्या फसवणुकीबद्दल थोडक्यात : ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, ‘साहेब’ म्हणवणाऱ्यालाही नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये, लगेच १९३० ला फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे पुढे जाण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त.

आणि शेवटी, जुने फोन दान करू इच्छिणाऱ्यांसाठी. फोन देण्याआधी त्यातून आपले गुगल खाते काढा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. नाहीतर तो पुढच्याच्या हातात कुलूपबंद राहतो. जिओचे सिम फोर-जी नसलेल्या फोनमध्ये चालत नाही, म्हणून मॉडेलचे नाव चिठ्ठीवर लिहा. बॅटरी एक दिवस टिकते का ते पाहा. चार्जर सोबत द्या.