भोपळ्याचा चीक

आपल्या सोलापूर जिल्ह्यात पाऊस बेताचा. तरी परसात, मोरीच्या सांडपाण्यावर भोपळ्याचा एखादा वेल पुष्कळ घरी असतो. कोणाकडे तांबडा, कोणाकडे दुध्या. वेलावरून ताजा भोपळा तोडला आणि लगेच विळीवर चिरला, की हाताला चीक लागतो. थोड्या वेळाने हात आवळतो. बोटांवर पापुद्रा धरतो. नुसत्या पाण्याने तो निघत नाही.

हा चीक म्हणजे काय? वेलाच्या अंगात अन्नरस वाहतो. फळ कापले की तो रस बाहेर येतो आणि वारा लागून घट्ट होतो. आपल्या जखमेवर रक्त गोठते ना, तसेच हे. वेल आपली जखम बुजवतो. म्हणून चिकाला भिऊ नका. पण जपून वागा.

१. चिरण्याआधी हातांना थोडे तेल लावा. कोकणात फणस कापताना असेच करतात. करडईचे चालेल, शेंगदाण्याचे चालेल. मात्र हात निथळता नको. भोपळा निसटेल, बोट कापेल.

२. चिकाचे थेंब दिसले की ओल्या फडक्याने टिपा. फोडी धुऊन घ्या.

३. चीक लागलाच तर आधी तेल चोळा. मग डाळीचे पीठ चोळा. मग साबण आणि कोमट पाणी. राखेने, दगडाने घासू नका. कातडी सोलते.

४. चिकाचा हात डोळ्याला लावू नका. अंगाला खाज सुटत असेल, तर घरातल्या दुसऱ्या कोणी भोपळा चिरावा.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. चीक निराळा आणि कडूपणा निराळा. चीक धुतला की गेला. कडूपणा हे विष आहे. वेलाला पाण्याची ओढ बसली, ऊन फार लागले, की एखादे फळ कडू निघते. वरून ते ओळखू येत नाही. म्हणून फोडीचा बारीक तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा. सारा भोपळा पुरून टाका. गुरांपुढेही टाकू नका. "एवढा मोठा भोपळा वाया कसा घालवू?" असे म्हणू नका. मीठ लावून, पिळून, शिजवून, गूळ घालून ते विष जात नाही.

कडू दुध्याचा रस पिऊन आपल्या देशात माणसे दगावली आहेत. त्याचा विचार करायला तज्ज्ञांची सरकारी समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१२ साली छापून आला. समितीने सांगितले, की रस कडू लागला तर पिऊ नका. पिऊन पोटात कळ आली, ओकारी झाली, जुलाब लागले, तर ताबडतोब दवाखाना गाठा. घरगुती औषधात वेळ घालवू नका.

भोपळा थोडक्या पैशांचा. माणसाचे मोल कोण करील?

सांगा पाहू :
१. हाताला लागलेला चीक कसा काढाल?
२. कडू भोपळा शिजवून का खाऊ नये?
३. घरी भोपळा कोण चिरते? त्यांना हा धडा वाचून दाखवा.