नेसरीचे सात वीर : कविता आणि इतिहास

गॅदरिंगमध्ये कुसुमाग्रजांची सात वीरांवरची कविता गाण्याच्या रूपात लागली की हॉल शांत होतो. हृदयनाथांचं संगीत, लताबाईंचा आवाज. पण त्यात सांगितलेलं घडलं तसंच आहे का?

घटना खरी आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीजवळ आदिलशाही सरदार बहलोलखानाशी लढताना पडले. 'सात' हा आकडाही हवेतला नाही. इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याने एप्रिल १६७४ मध्ये मुंबईला लिहिलेल्या पत्रात, दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणि सहा स्वार मारले गेले, असं आहे.

फरक पुढे सुरू होतो. कवितेत महाराजांचा ठपका आहे तो रणातून पाठ फिरवल्याचा. वास्तविक १६७३ मध्ये उमराणीला प्रतापरावांनी पाणी तोडून खानाला जेरीस आणलं होतं. लढाई जिंकलेलीच होती! खान शरण आला, रावांनी त्याला जाऊ दिलं आणि तो पुन्हा उलटला. सभासद बखरीप्रमाणे महाराज चिडले ते 'सला', म्हणजे तह, केल्याबद्दल. म्हणजे चूक पळण्याची नव्हती, शत्रूवर विश्वास टाकण्याची होती.

दुसरा मुद्दा सैन्याचा. सातच जण मुद्दाम मरायला निघाले, हे कवितेचं चित्र. सभासद मात्र नेसरीला मोठं युद्ध झाल्याचं लिहितो, आणि शेणवी म्हणतो की बाकीच्या फौजेची मदत रावांपर्यंत पोचली नाही. सैन्य होतं, पण सेनापती त्याच्यापासून तुटला. त्या सहा जणांची म्हणून जी नावं आज सांगितली जातात, ती या दोन्ही ठिकाणी नाहीत.

मग कविता खोटी ठरते का? मुळीच नाही. कवीला अपमानाने पेटलेलं मन दाखवायचं होतं, ते त्याने दाखवलं. पण तिलाच इतिहासाचं पुस्तक मानलं, तर उमराणीचा जिंकलेला सेनापती आपल्या डोक्यात पळपुटा म्हणून राहतो. प्रतापरावांवर हा अन्याय आहे. तेव्हा गाणं जरूर ऐका, आणि लायब्ररीत सभासद बखरही एकदा उघडा. छोटीशीच आहे, सबमिशनच्या दिवसांतसुद्धा वाचून होईल!