‘आधी नशा सोडवा, मग बघू’ हे उत्तर घेऊन परत फिरू नका

मानसोपचारतज्ज्ञ सांगतात, ‘आधी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवा, नशा सुटली की माझ्याकडे आणा.’ केंद्रवाले सांगतात, ‘याच्या डोक्याच्या गोळ्या चालू आहेत, आधी तिकडचं पूर्ण करून या.’ वयात येणारं मूल सोबत घेऊन या दोन दारांमध्ये हेलपाटे घातलेल्या आयांपैकी मी एक आहे. घरचे तपशील इथे मांडणार नाही. ते माझ्या मुलाचे आहेत. पण ही टोलवाटोलवी नाइलाजाची नव्हती, चुकीची होती, हे आता वाचून-पडताळून ठामपणे सांगू शकते. ‘घरातलं वातावरण बघा जरा’ हे मात्र दोन्हीकडे न चुकता ऐकवलं जातं.

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एम्स’च्या व्यसनविषयक पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांत 0.58 टक्के आणि 10 ते 17 वयाच्या मुलांत 1.17 टक्के, म्हणजे दुप्पट निघालं. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेली ही एकच नशा. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्यूशन या वस्तू दुकानात सहज आणि स्वस्तात मिळतात. रुमालावर ओतायचं, रुमाल मुठीत धरून नाकाशी न्यायचा, की काही मिनिटं डोक्यातला गलका थांबतो. ज्या मुलाला घाबरटपणाने, उदासीने किंवा कशातच मन न लागण्याने आधीच घेरलं आहे, त्याला हीच शांतता हवी असते. पुढे नशेमुळे झोप, अभ्यास, मैत्री बिघडते आणि उदासी आणखी वाढते. अशा मुलाची नुसती बाटली काढून घेतली तर ज्यासाठी ती हातात आली होती ते सगळं तसंच राहतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत मूल पुन्हा तिथेच दिसलं की ‘याचीच इच्छाशक्ती नाही’ असा शेरा बसतो. म्हणून दोन्ही उपचार एकाच वेळी, एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांकडून व्हायला हवेत, हाच माझा मुद्दा आहे.

यावर डॉक्टरांचा आक्षेप असतो की नशा चालू असताना निदानच करता येत नाही. यात तथ्य आहे. नशेतून आलेली उदासी काही आठवड्यांत ओसरू शकते. पण पक्कं निदान लांबवणं वेगळं आणि मुलाला दारातून परत पाठवणं वेगळं. आधी काय सुरू झालं, नशा बंद होती त्या काळात मूल कसं होतं, घराण्यात कोणाला असा आजार होता का, हे पहिल्याच भेटीत विचारता येतं. आत्महत्येचे विचार येतात का, हे तर विचारलंच पाहिजे. तो धोका नशा उतरेपर्यंत थांबत नाही. अमेरिकेत 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैराश्य आणि व्यसन दोन्ही असलेल्या 126 किशोरांना, आधी नशा सोडायची अट न घालता, समुपदेशनासोबत फ्लुओक्सेटिन किंवा तशीच दिसणारी औषधाविना गोळी दिली गेली. दोन्ही गटांत बहुतेकांना उतार पडला, आणि नैराश्याच्या एका मोजमापावर औषधाचा गट पुढे राहिला.

दुसरा आक्षेप नातेवाइकांचा: ‘एक नशा सोडवताय आणि गोळ्यांची दुसरी लावताय.’ अतिचंचलतेच्या औषधांबाबत 15 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण 2013 मध्ये झालं. त्या औषधांमुळे पुढे व्यसन वाढल्याचं दिसलं नाही. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे मात्र खरं. तेव्हा प्रत्येक गोळीचं नाव, ती कशासाठी आणि किती दिवस, हे लिहून घ्या. पाकीट स्वतःच्या कुलपात ठेवा.

आता केंद्रांबद्दल. ‘पहिले पंधरा दिवस भेट नाही, फोन नाही’ असं छापलेला फॉर्म पालकांपुढे सरकवला जातो, आणि घाबरलेला माणूस सही करतो. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा नशेशी निगडित मानसिक अवस्थांनाही मानसिक आजार मानतो. त्याच्या कलम 87 प्रमाणे अल्पवयीन मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येतं, तेही मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर; त्याची राहण्याची सोय मोठ्या रुग्णांपासून वेगळी असावी लागते, आणि पालक किंवा नेमलेली व्यक्ती पूर्ण काळ सोबत असावी लागते. ‘आईबाप दिसले की मुलं हट्ट करतात’ ही सबब त्यापुढे टिकत नाही. पहाटे गाडी पाठवून मुलाला उचलून नेणाऱ्यांना तर फाटकातही येऊ देऊ नका. सरकारी घडीही या टोलवाटोलवीला जबाबदार आहे. व्यसनमुक्ती केंद्रांचं अनुदान सामाजिक न्याय खात्याचं, मानसोपचार आरोग्य खात्याचा. मूल मात्र एकच, आणि ते दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडतं.

आता घरी घ्यायच्या काळजीबद्दल. लघवीच्या नेहमीच्या तपासणीत व्हाइटनर-थिनर सापडत नाही, आणि सतत गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश बंद केल्यावरही काही आठवडे दिसू शकतो. म्हणून त्या तपासणीवरून मुलाला खोटारडं ठरवू नका, निर्धास्तही होऊ नका. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची जुनी सवय घरच्या घरी एकदम तोडू नका. झटके येऊ शकतात, डॉक्टर हवेच. मुलाशी शांतपणे बोला, मित्र कोण आहेत ते माहीत ठेवा, हे सगळेच सांगतात, मीही सांगते. व्यसनासाठी 14446 आणि मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा 14416 हे दोन्ही क्रमांक फोनमध्ये ठेवा. आणि कोणी ‘आधी तिकडे जा’ म्हणालं, तर का नाकारलं ते तारीख आणि सहीनिशी केसपेपरवर लिहून मागा. कागदावर लिहायची वेळ आली की बऱ्याच जणांना अचानक मुलाला तपासायला वेळ मिळतो.