पायाखालची धग

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बांधलेली, किक मारून चालू होणारी जीप देशभर गाजली. साठ हजारांच्या आसपास खर्च आलेली ती गाडी आनंद महिंद्रांनी मागून घेतली आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बदल्यात बोलेरो दिली. आमच्या भागातल्या या कारागिरीचा मला मनापासून अभिमान आहे. पण हाताने बांधलेली किंवा नव्याने उभी केलेली गाडी दिसली की मी आधी वाकून तिची सायलेन्सरची नळी कुठून जाते ते बघतो. त्याला कारण आहे.

माझ्या जुन्या डिझेल जीपला छप्पर, दरवाजे आणि आतलं अस्तर एका गॅरेजात बसवून घेतलं होतं. पाय पोळू नयेत म्हणून तिथे खालच्या पत्र्यावर जाड फेल्ट अंथरला, त्यावर फोम आणि वर रेक्झिन. सांगली-मिरज रस्त्यावर सगळं छान वाटलं. मग एका मे महिन्यात वाईहून पसरणी घाट चढलो. सुमारे ६०० मीटरची चढण, गाडी भरलेली, दुसरा गिअर सुटत नाही. पाचगणीत चहाला उतरलो आणि परत येतो तर ड्रायव्हरच्या पायांपाशी धूर! रेक्झिन उचकटून फेल्ट रस्त्यावर ओढला, त्यावर माती लोटली, तेव्हा कुठे तो विझला. तळाला तो डिझेलने ओला होता. पाइपच्या सांध्यातली बारीक गळती तो कित्येक महिने पीत आला होता.

गाडी चढत असताना नव्हे, थांबल्यावर धूर निघाला, हे नीट लक्षात घ्या. घाटात इंजिनावर पूर्ण ताण असतो, वेग कमी असल्याने खालून वारा लागत नाही. अशा वेळी मॅनिफोल्डजवळची नळी ५०० अंशांपर्यंतही तापू शकते. इंजिन बंद केलं की पंखाही थांबतो, आणि साठलेली सगळी उष्णता वर पत्र्यात चढते. म्हणून घाट चढून थांबलात की दहा मिनिटं गाडी सोडून जाऊ नका. चटईखाली हात घालून बघा.

अस्तराचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. आधी भोकं बुजवायची. रात्री बोनेटखाली दिवा लावून ठेवा आणि अंधारात आत बसा. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यातून, पेडलांच्या बाजूने, गिअरच्या दांड्यापाशी जिथे जिथे उजेड दिसेल, तिथून गरम हवा आणि धूरही आत येतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. मारुती ८०० चं पेट्रोल इंजिन टाकून बांधलेल्या गाडीत हा धोका डिझेलपेक्षा कितीतरी जास्त. वायरींना रबरी ग्रोमेट, बाकीच्या भोकांवर पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंट, आणि नळीचा फुटका सांधा असेल तर तो आधी बदला. गळती तशीच ठेवून वर अस्तर घालणं मला गुन्ह्यासारखं वाटतं.

मग ढाल. नळी आणि फ्लोअर यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा, मॅनिफोल्डच्या शेजारी स्टेनलेस. तो फ्लोअरला चिकटवू नका. बोल्टवर बुश घालून पंधरा-वीस मिलिमीटरची फट सोडा आणि पुढून-मागून मोकळी ठेवा. चकाकी झळ परतवते, फटीतला वारा उरलेली उष्णता घेऊन जातो. फट धुळीने भरली की निम्मं काम संपलं. नळीलाच पट्टी गुंडाळायची असेल तर आमच्या सातारकरांनी जास्त जपावं. कास-महाबळेश्वरच्या पावसात ती पाणी धरून ठेवते आणि साधी लोखंडी नळी पट्टीखाली गंजून जाते. भट्टीचं सिरॅमिक ब्लँकेट १२६० अंश सोसतं, म्हणून कुणी ते आत वापरायला सुचवतं. त्याची बारीक तुसं फुप्फुसात जातात. बसायच्या जागेत ते नको, आणि जुनी ॲस्बेस्टॉसची दोरी तर मुळीच नको.

एवढं झाल्यावर आतला थर. नायट्रिल रबराचा, तेल न पिणारा फोम घ्या. तो साधारण १०० अंशांपर्यंतच टिकतो, म्हणून ढालीशिवाय त्याचा उपयोग नाही. थर्माकोल, गोणपाट, फेल्ट दुकानातच ठेवा. विकत घेण्याआधी तुकडा मागून उघड्यावर काडी लावून बघा. ज्योत काढल्यावरही जळत राहिला किंवा थेंब गळायला लागले तर तो गाडीत नको.

तापमान मोजायची गन हल्ली स्वस्त मिळते, पण चकचकीत पत्र्यावर ती आकडा कमी दाखवते. फ्लोअरवर काळ्या टेपचा तुकडा लावून त्यावर मोजा. मोजायचं घाट चढून थांबल्यावर, सपाटीवर नाही. दिवाळीच्या आधी, पाऊस सरला की चटई आणि फोम एकदा पूर्ण काढा. पत्रा कोरडा आहे का, कुठे डिझेलचा वास येतो का, ढालीचे नट सैल झालेत का, ते बघूनच पुन्हा बसवा.