रिपोर्ट नॉर्मल, तरी आजार खरा

धाकट्या भावाला नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात घरात कुरबुर सुरू झाली. झोप नाही, शेतात जाणं नाही. मग गोळ्यांचा उपयोग काय? कुणीतरी सांगितलं, मोठ्या शहरात मेंदूचा फोटो काढतात, त्यावरून कोणती गोळी लागू पडेल ते कळतं. उसनवारी करून एमआरआय झाला. रिपोर्ट नॉर्मल आला आणि खरा धोका तिथून सुरू झाला. "रिपोर्टात काही नाही, मग आजार कसला? मन घट्ट कर," म्हणत थोरल्यांनी गोळ्या बंद करायला लावल्या. थोड्याच दिवसांत त्याला चक्कर येऊ लागली, जीव घाबरा होऊ लागला, आणि "ताई, जगून काय करू?" असं तो विचारू लागला. तेव्हा आमच्या अंबाजोगाईतच, स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती) रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याला नेलं. औषध बदललं, हळूहळू तो सावरला.

साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: गाठ, रक्तस्राव, पक्षाघाताच्या खुणा. नैराश्याचं निदान त्यावरून होत नाही. औषध कुणाला लागू पडेल याचा माग संशोधक मेंदूचं काम दाखवणाऱ्या पेट स्कॅनसारख्या तपासण्यांतून घेत आहेत. १९९७ मध्ये हेलन मेबर्ग यांच्या गटाला आढळलं, की औषधाने पुढे सुधारलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या सिंग्युलेट भागात चयापचय आधीपासूनच जास्त होतं. २०१३ मध्ये इन्सुला या भागावरून गोळी की बोलण्याची थेरपी, याचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न झाला. पण हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. समोर बसलेल्या एका माणसाची गोळी त्यावरून ठरवता येईल, इतकी खात्री अजून आलेली नाही.

अमेरिकेतल्या 'स्टार-डी' या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश रुग्णांचीच लक्षणं पूर्ण गेली. म्हणून पहिली गोळी लागू पडली नाही तर खचू नका, पुढचा पर्याय असतो.

माझं कळकळीचं सांगणं:

• गोळीचा पूर्ण गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. झोप, भूक, कामातलं मन यांतला बदल वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

• गोळी मनाने बंद करू नका. बरं वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागते.

• थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायचं का, हे डॉक्टरांना आधी विचारा.

• डोक्याला मार, फिट, हातपाय लुळे पडणं किंवा उतारवयात वागण्यात अचानक बदल असेल, तर स्कॅन लागू शकतो. तो डॉक्टरांनाच ठरवू द्या.

• मरणाची भाषा ऐकली तर माणसाला एकटं सोडू नका, लगेच दवाखाना गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

आणि घरच्यांनो, रिपोर्ट काहीही म्हणो, "मला सहन होत नाही" हे त्याचं म्हणणं खरं माना. उपचार तिथूनच सुरू होतात.