ब्रशला दोष देण्याआधी

जुने फोटो दुरुस्त करताना क्लोन ब्रश अडला की बहुतेक जण आधी ब्रशच बदलून बघतात. आकार कमी-जास्त करतात, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडतात, पेन टॅब्लेटची वायर काढून परत लावतात. बरीच वर्षं हे काम करून आणि शिकायला येणाऱ्या मुलांच्या शेजारी बसून मी खात्रीने सांगू शकते की दोष ब्रशमध्ये क्वचितच असतो. क्लोन ब्रश एका जागचे पिक्सेल उचलतो आणि दुसऱ्या जागी ठेवतो, एवढंच त्याचं काम. म्हणून दोन गोष्टी तपासायच्या: तो उचलतोय कुठून आणि ठेवतोय कुठे.

'ब्रश फिरतोय, पण काहीच उमटत नाही' ही तक्रार सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येते. त्यात अडकतात ती बहुधा काळजीपूर्वक काम करणारी माणसं. मूळ फोटोला हात लागू नये म्हणून ती वर एक रिकामा लेयर घेतात, आणि ब्रश त्या रिकाम्या लेयरवरूनच उचलत राहतो. पारदर्शक जागेची नक्कल पारदर्शकच येणार! गिम्पमध्ये 'सॅम्पल मर्ज्ड' चालू करा, फोटोशॉपमध्ये 'सॅम्पल'च्या यादीतून 'करंट अँड बिलो' निवडा, क्रितामध्ये सगळ्या दिसणाऱ्या लेयरवरून क्लोन करण्याच्या पर्यायावर टिक करा. एवढं करूनही उमटत नसेल तर अडचण ठेवण्याच्या बाजूला आहे. कुठेतरी कोपऱ्यात जुनं सिलेक्शन राहिलेलं असतं, किंवा लेयरऐवजी त्याचा मास्क निवडलेला असतो, किंवा लेयरचा अल्फा लॉक केलेला असतो. क्रितात चुकून 'ई' दाबलं गेलं तर ब्रश खोडरबर होतो, तेही बघा.

क्रितावाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. तिथे क्लोन हे वेगळं टूल नाही, ते एक ब्रश इंजिन आहे. कंट्रोल दाबून क्लिक केल्यावर सोर्स ठरण्याऐवजी रंगच उचलला जात असेल, तर तुमच्या हातात साधा ब्रश आहे. प्रीसेट क्लोनचा घ्या. ब्रशची बाह्यरेषा दिसेल असा कर्सर ठेवा, नाहीतर सोर्स कुठे आहे ते कळत नाही.

फोटोशॉपमध्ये एक गोष्ट फार छळते. वर कर्व्ह्जचा ॲडजस्टमेंट लेयर आहे, खाली तुम्ही 'ऑल लेयर्स' ठेवून क्लोन करताय, आणि प्रत्येक ठिगळ आजूबाजूपेक्षा उजळ किंवा गडद दिसतंय. उचललेल्या पिक्सेलवर कर्व्ह्जचा परिणाम आधीच झालेला असतो आणि ठेवल्यावर तो पुन्हा होतो. 'सॅम्पल'च्या यादीशेजारीच ॲडजस्टमेंट लेयर वगळण्याचं बटण आहे, ते दाबा.

दर फटकाऱ्याला तोच तुकडा पहिल्यापासून उमटतो का? मग अलाइनमेंट बघा. गिम्पमध्ये 'नन' असेल तर प्रत्येक फटकारा मूळ सोर्सपासून सुरू होतो. 'अलाइन्ड' असेल तर सोर्स ब्रशपासून ठरलेल्या अंतरावर चालत राहतो. लांब ओरखडा भरायला मला 'अलाइन्ड' बरं वाटतं.

ठिगळ धूसर दिसण्याचं कारण बहुधा फोटोच्या कणांत असतं. जुन्या प्रिंटवर बारीक दाणा असतो. फार मऊ कडेचा ब्रश किंवा पेनच्या दाबाला जोडलेली अपारदर्शकता दोन जागांचे दाणे एकमेकांत मिसळते, आणि तो भाग गुळगुळीत पडतो. अशा वेळी दाब फक्त आकाराला जोडा आणि कड थोडी टणक ठेवा. हीलिंग ब्रश भिंत, आकाश, गाल अशा सपाट भागांवर छान काम करतो, पण तो कडेच्या रंगाशी जुळवून घेत असल्यामुळे काळ्या केसांजवळ नेलात की कपाळावर काळपट डाग ओढून आणतो. जिथे दोन रंगांची सीमा आहे तिथे साधा क्लोनच घ्या.

आता जे सांगायचं आहे ते बटणांपलीकडचं आहे. ओळखीतल्या एक आजी त्यांच्या आईचा लग्नातला फोटो घेऊन आल्या. कुठल्याशा स्टुडिओने तो आधी एकदा दुरुस्त केला होता. मूळ प्रिंट हरवलेली, हातात फक्त एक जेपेग. नऊवारीच्या काठावर तीच कोयरी, तिच्या टोकावरच्या ओरखड्यासकट, सारख्या अंतरावर पुन:पुन्हा आली होती. नथीवरून भेग गेली असणार, कारण तिथे गालाचा तुकडा आणून बसवला होता आणि अर्धे मोती गेले होते. 'ती नथ आईच्या आईची,' आजी म्हणाल्या. कोयऱ्यांचा तो शिक्का मी मोडू शकले. मोती आणू शकले नाही. सगळं एकाच लेयरवर केलेलं होतं, खाली काही उरलंच नव्हतं.

म्हणून कळकळीने सांगते: आधी प्रिंट निदान ६०० डीपीआयला स्कॅन करा, टिफमध्ये ठेवा, आणि त्या फाइलवर ब्रश टेकवू नका. प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या लेयरवर करा आणि फाइल प्रोग्रॅमच्या स्वतःच्या स्वरूपात जपा. जेपेग फक्त पाठवायला. सोर्स सतत बदला, आणि अधूनमधून फोटो लहान करून बघा, नक्कल तेव्हाच डोळ्यांत भरते. डोळे, दागिने, कुंकू, हातावरचं गोंदण यांच्यावर दुसरीकडून काही आणून टाकायच्या आधी घरच्यांना विचारा. भेग तशीच ठेवलेली त्यांना पुष्कळदा चालते. आणि काम संपलं की दुरुस्त फोटोबरोबर मूळ स्कॅनही पेन ड्राइव्हवर द्या, दोन्ही फाइलींना नीट नावं देऊन.