उतरंड पडली होती का?

भूगोलाचा मास्तर म्हणून माझी सगळी नोकरी उमरगा तालुक्यात गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर अभ्यासकांची पथकं गावोगाव फिरू लागली, तेव्हा वाटा आणि माणसं माहितीतली म्हणून मी त्यांच्याबरोबर असायचो. त्यांचं काम आटोपलं, ते गेले. नाद मला लागला तो लागलाच. भूकंपमापक यंत्रं आपल्या देशात आली ती १८९८ च्या सुमारास. त्याआधीचा भूकंप नेमका कुठं झाला आणि केवढा होता, हे ठरवायला हाती उरतात माणसांचे शब्द, दप्तरं, भिंती आणि माती. त्यांच्याशी झटताना जे उमगलं, ते जसं आठवेल तसं लिहितो.

१. ‘केवढा मोठा होता हो?’ असं कुणाला विचारू नये. उत्तर एकच येतं : ‘लई मोठा.’ विचारावं ते असं : उतरंड पडली का? माठातलं पाणी हिंदकळलं का? झोपलेली माणसं आपोआप जागी झाली की कुणी हाक मारून उठवली? कड्या वाजल्या का? दावणीची जनावरं उठून उभी राहिली का? तुळजापूर तालुक्यातल्या एका आजींनी मला सांगितलं होतं, “आदुगर आवाज आला गुरुजी, मग हालल्यालं कळलं. उतरंडीचं वरलं गाडगं तेवढं खाली आलं, बाकी हाय तशी.” एवढ्या बोलण्यात चार गोष्टी मिळाल्या. आजी जाग्या झाल्या, गुरगुर ऐकू आली, वरचं सैल भांडं पडलं आणि भिंत शाबूत राहिली. तीव्रतेच्या बारा पायऱ्यांच्या मापावर हे घर पाचवी-सहावीच्या आसपास बसतं. तीव्रता प्रत्येक गावची वेगळी, रिश्टरचा आकडा मात्र अख्ख्या भूकंपाचा एकच. जुन्या भूकंपाचा आकडा काढायचा तर अशा शेकडो गावांच्या तीव्रता नकाशावर मांडूनच तिथं पोचता येतं.

२. पडलेल्या गावापेक्षा लांबच्या गावाची साक्ष अधिक कामाची. हे पटायला मला वेळ लागला, कारण आपले पाय आपसूक ढिगाऱ्याकडे वळतात. किल्लारीचा भूकंप उथळ होता, जमिनीखाली दहा किलोमीटरच्या आतला. अशा भूकंपात मधला पट्टा भुईसपाट होतो आणि पंधरा-वीस किलोमीटर बाहेर पडलं की चित्र झपाट्याने बदलतं. सास्तूर, होळी, राजेगाव इथं दगडावर दगड राहिला नाही. त्याच रात्री सोलापूरची माणसं घाबरून बाहेर पळाली आणि सकाळी परत घरात गेली. केंद्रावरचा विध्वंस लहान उथळ भूकंपातही होतो आणि मोठ्या खोल भूकंपातही. दोहोंतला फरक कळतो तो धक्का किती लांबवर जाणवला यावरून. १९९३ चा धक्का मुंबई-हैदराबादपर्यंत कळला. म्हणून दोनशे वर्षांपूर्वीचं एखादं पत्र ‘आमच्याकडे किंचित हालले, नुकसान नाही’ एवढंच सांगत असेल, तरी ते जपून ठेवावं. ‘काहीच कळलं नाही’ हीसुद्धा नोंदच आहे. वर्तुळ कुठं संपतं ते तिच्यावरून ठरतं.

अभ्यासकांनी याचं रीतसर गणितही केलं आहे. अमेरिकेतले बाकुन आणि वेंटवर्थ यांनी १९९७ मध्ये एक पद्धत मांडली. नकाशावर बारीक चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत केंद्र आहे असं धरून चालायचं आणि गावोगावच्या तीव्रता कुठल्या चौकटीशी नि कुठल्या आकड्याशी सर्वांत चांगल्या जुळतात ते पाहायचं. भारतासाठी सेलिगा, हफ, मार्टिन आणि बिलहॅम यांनी २०१० मध्ये असंच काम केलं. धक्का अंतरागणिक किती ओसरतो याची हिमालयाची गणितं वेगळी आणि आपल्या द्वीपकल्पाची वेगळी, हे त्यांनी दाखवलं. इथला खडक जुना, अखंड. त्यातून लाट लांब जाते. हिमालयाचं माप दख्खनला लावलं तर इथला भूकंप होता त्याहून मोठा ठरेल.

३. मृतांच्या संख्येवरून भूकंपाचा आकार काढू नये. कोयनानगरचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांचा. किल्लारीचा पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांचा. दोन्ही साखरझोपेतले आणि आकाराने जवळपास सारखे; कोयनेचा कणभर मोठाच. तिथं सुमारे दोनशे माणसं गेली, इथं सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात. फरक पडला तो वस्तीमुळे आणि घरांमुळे. सह्याद्रीच्या पावसात धाबं टिकत नाही, छप्पर उतरतं आणि हलकं. आमच्याकडे माळवद : सागाचे खांब, तुळया, त्यावर किलचन आणि वर हातभर पांढरी माती. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी आणखी एक थर. बापजाद्यांच्या घरावर पिढ्यान्‌पिढ्यांची माती साचलेली असायची. भिंती दोन-अडीच हात रुंद, पण बाहेरचा पडदा वेगळा, आतला वेगळा, मध्ये खडी आणि चिखल. दोन्ही पडद्यांना धरून ठेवणारा लांब दगड क्वचितच. ढिगाऱ्यात कितीतरी ठिकाणी मी लाकडाचा सांगाडा उभा आणि भिंती आतबाहेर कोसळलेल्या पाहिल्या. खांबांनी काम केलं, दगडांनी केलं नाही. त्यामुळे जुन्या कागदात ‘गाव पडला’ असं सापडलं की पहिला प्रश्न घरं कसली होती हा. विटांचा वाडा पडायला लागणारा धक्का आणि दगड-मातीची भिंत पडायला लागणारा धक्का यांत दोन पायऱ्यांचं अंतर असू शकतं.

४. भिंत कोणत्या दिशेला पडली यावरून केंद्र शोधायचा मोह सगळ्यांना होतो. रॉबर्ट मॅलेट या आयरिश अभियंत्याने १८५७ च्या नेपल्सच्या भूकंपानंतर तेच केलं. भेगा आणि पडलेले खांब मोजत तो फिरला आणि त्या काळाच्या मानाने ते काम थोर आहे. पण आमच्या गल्लीतली भिंत पूर्व-पश्चिम असेल तर ती उत्तरेला किंवा दक्षिणेलाच पडणार, धक्का कुठूनही येवो. दिशा बघायचीच असेल तर चारी बाजूंनी सारख्या असलेल्या वस्तूची बघावी, जसं तुळशीवृंदावन, दीपमाळ, मोकळा उभा खांब. त्यापेक्षा माणसाचं अंग बरं सांगतं. केंद्राजवळची माणसं म्हणतात ‘खालनं दणका बसला’; लांबची म्हणतात ‘झोका दिल्यागत झालं’.

५. तारखेचा घोळ आधी निस्तरावा. किल्लारीचंच बघा. सरकारी कागदात ३० सप्टेंबर. परदेशी यादीत ग्रीनिच वेळेप्रमाणे २९ सप्टेंबर, रात्री १० वाजून २५ मिनिटं. गावात कुणालाही विचारा, ‘गणपती बुडवल्या राती’, म्हणजे अनंत चतुर्दशी. पंचांगाचा दिवस सूर्योदयापर्यंत चालतो. एकाच धक्क्याच्या अशा तऱ्हा. तीनशे वर्षांनी कुणी या नोंदी वाचल्या तर तो लागोपाठ दोन दिवसांत दोन भूकंप मांडून मोकळा होईल. जुन्या याद्यांत अशी जुळी भावंडं असतात. शकात ७८ मिळवायचे आणि निजामाच्या फसली सनात ५९० किंवा ५९१, हे तोंडपाठ असावं. दप्तरात शोधताना मोडीत ‘धरणीकंप’ आणि उर्दूत ‘जलजला’ असे दोन्ही शब्द डोळ्यांसमोर ठेवावेत.

६. गाव जागेवर आहे का, ते पाहावं. १९८२ पर्यंत लातूर जिल्हाच नव्हता. औसा, निलंगा, उदगीर सगळं उस्मानाबादेत. म्हणजे १९६० च्या दशकातल्या बातमीत ‘उस्मानाबाद जिल्ह्यात धक्के’ असेल तर तो धक्का किल्लारीचाही असू शकतो. त्याहून मागे गेलात तर जिल्ह्याचं नाव नळदुर्ग. आणि आता पुन्हा धाराशिव. बरं, भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसली. आज मोबाइलच्या नकाशावर सास्तूर शोधलं तर तो दाखवतो ते गाव १९९३ मध्ये तिथं नव्हतं. भिंती पडल्या त्या जुन्या पांढरीवर, जिथं आता बाभळी आहेत. एखाद्या विद्यार्थ्याने नव्या गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन तीव्रतेचा नकाशा काढला की केंद्र सरकलंच.

७. वादळ आणि भूकंप यांची गल्लत फार होते. १७३७ च्या कलकत्त्याच्या ‘भूकंपात’ तीन लाख माणसं मेल्याचं कित्येक पुस्तकांत छापलेलं आहे. त्या वेळी कलकत्त्याची वस्तीच तेवढी नव्हती. रॉजर बिलहॅम यांनी १९९४ मध्ये कागद तपासून दाखवलं की संहार चक्रीवादळाचा होता. आपल्या मुंबईच्या १६१८ च्या नोंदीबद्दलही अभ्यासकांनी हीच शंका घेतली आहे. एका यादीतून दुसरीत उतरवून घेतलेल्या नोंदी म्हणजे चार साक्षीदार नव्हेत, एकच साक्षीदार चार वेळा बोलला इतकंच.

८. तेर. या जिल्ह्यात राहून या विषयाचा नाद असेल तर तेरला जावंच लागतं. प्राचीन तगर ते हेच. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. गोरोबाकाकांचं गाव म्हणून आपण जातो, लामतुरे संग्रहालय पाहतो, आणि तेरणेच्या काठाकडे पाठ करून परततो. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी किल्लारी आणि तेर अशा दोन्ही ठिकाणी जमिनीचा अभ्यास केला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. मातीच्या थरांतल्या मोडतोडीवरून साधारण दीड हजार वर्षांपूर्वी या भागात मोठा भूकंप झाला असावा, असं त्यांनी मांडलं. किल्लारीपासून तेर पन्नासेक किलोमीटर. जो मुलूख स्थिर, निर्धोक म्हणून आम्ही वर्गात शिकवत होतो, त्याच्या पोटात हे होतं.

काठावर उभं राहिलं की दरडीत थर दिसतात. काळी माती, राखेचा पट्टा, विटांचे तुकडे, खापरं, पुन्हा माती. थर वाकलेला दिसला की मन लगेच भूकंपाकडे धावतं. तिथंच थांबावं. नदीने काठ पोखरला की दरड खचते आणि थर तसाच वाकतो. गाव उजाड व्हायला भूकंपच लागतो असं नाही. पूर पुरतो, व्यापाराची वाट बदलली तरी पुरतं. भूकंप म्हणायचं तर वाकलेला थर वरच्या सपाट थराने झाकलेला हवा, म्हणजे मोडतोड कधी झाली ते दोन तारखांच्या कचाट्यात सापडतं. आणि तशीच खूण त्याच काळातली दुसऱ्या ठिकाणी हवी. एका जागेवरून ‘इथं निदान इतकी तीव्रता होती’ एवढंच म्हणता येतं. केंद्र आणि रिश्टर दोन्ही सांगायला एक साक्षीदार पुरत नाही.

तेरमध्येच उलटा पुरावाही उभा आहे. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ, मागून अर्धगोल, चैत्यासारखं, इतकी शतकं टिकून आहे. ते बांधल्यापासून तेरला किती जोराचा धक्का बसलेला नाही, हे ते सांगतं. नळदुर्गच्या पाणीमहालाचंही तेच. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं काम, बांधाच्या पोटातलं. मात्र डागडुजी झालेली असली तर हा हिशेब बिघडतो, म्हणून चुन्याचा रंग आणि सांधे बघितल्याशिवाय कुठल्या देवळाला साक्षीला उभं करू नये.

९. जमिनीवरची खूण लवकर पुसते. किल्लारीजवळ शेतात सुमारे एक किलोमीटर लांबीची भेग आणि उंचवटा पडला होता. काही हंगामांच्या नांगरटीत तो उंचवटा मोडून निघाला. १९९३ चीच खूण टिकली नाही, तर पाचव्या शतकाची कुठून दिसणार? खाली बघावं तर वर काळ्या पत्थराचं झाकण : किल्लारीच्या वेधनात ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग ग्रॅनाइटी पाया. प्रस्तरभंग त्या झाकणाखाली. कच्छमध्ये १८१९ च्या भूकंपाने उचललेला अल्लाह बंध अजून दिसतो, कारण तिथं रण आहे, शेती नाही.

१०. दशांशावर भुलू नये. यंत्रं असूनही १९९३ चा आकडा पद्धतीप्रमाणे ६.२ ते ६.४ असा बदलतो. एका आकड्याच्या फरकात ऊर्जा बत्तीस पट होते, म्हणजे हा बारीक फरकसुद्धा जवळजवळ दुपटीचा. अशा वेळी सतराव्या शतकातल्या भूकंपाला कुणी ‘६.३७’ लिहिलं तर मी त्या दोन घरांवर बोट ठेवून पुढे वाचतो. ‘सहा ते साडेसहा’ म्हणणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

११. आपल्याकडे एक माप आहे, ते वापरावं. या भागातल्या कुठल्याही जुन्या भूकंपाची तुलना १९९३ शी करता येते. जुन्या कागदात बार्शीला, तुळजापूरला, गुलबर्ग्याला काय झालं ते वाचायचं आणि त्याच गावात किल्लारीच्या रात्री काय झालं होतं ते शेजारी मांडायचं. पण त्यासाठी १९९३ च्या नोंदी गावनिहाय हव्यात. ज्या ठिकाणी विध्वंस झाला तिथल्या भरपूर आहेत. जिथं फक्त उतरंड हलली तिथल्या फारच थोड्या. भूकंपाआधी आमचा भाग भूकंपप्रवणतेच्या पहिल्या, सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात पहिला पट्टाच रद्द झाला आणि आम्ही तिसऱ्यात आलो. नोंदी नव्हत्या म्हणून निर्धास्त होतो.

त्या रात्री जे विशीत होते ते आता पन्नाशीपुढे आहेत. भूम, परंडा, कळंब, वाशी, बार्शी, अक्कलकोट, बीदर, जिथं असाल तिथून एक कागद लिहा : गाव, घर माळवदाचं की पत्र्याचं, तुम्ही झोपेत होता का, आवाज आधी की धक्का आधी, काय पडलं, काय पडलं नाही. भूकंपाच्या आदल्या वर्षीचे, ऑक्टोबर १९९२ चे धक्के आठवत असतील तर तेही वेगळे लिहा. घरात कुलकर्ण्याचं दप्तर, आजोबांचं बाड किंवा टिपणं केलेली जुनी पंचांगं असतील तर रद्दीत घालण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात ठेवा आणि वर तारीख टाकायला विसरू नका.